गाण्यामागचे इंजिन

पासलीच्या वाटेवर गाडीतला रेडिओ चालू ठेवायला चिकाटी लागते. वेल्हे मागे पडले की पुणे केंद्राचा आवाज डोंगरांच्या आड जाऊ लागतो. एका वळणावर बातम्या स्वच्छ, पुढच्या वळणावर नुसती खरखर. त्यापुढे केळद, मढे घाट आणि कड्याखाली कोकण. या रस्त्यावर एक गोष्ट लवकर लक्षात येते. गाणे जसजसे विरत जाते, तसतसे गाडीचे इंजिन स्पीकरमध्ये वर येते. इंजिन बॉनेटखाली, स्पीकर दारात. दोघांचा एकमेकांशी संबंध असायचे कारण नाही. तरी ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिट्टी चढते आणि पाय उचलला की उतरते. ज्यांनी सेट आणि ॲम्प्लिफायर घरच्या घरी बसवला आहे त्यांच्या गाडीत तर रेडिओ बंद करून पेनड्राइव्ह लावला तरी ती शिट्टी जात नाही.

हा लेख त्या शिट्टीच्या इतिहासाबद्दल आहे. या भागात इतिहास म्हटले की तोरणा आणि राजगड डोळ्यांसमोर येतात, ते साहजिकच आहे. पण ज्या जीपमधून आपण तोरण्याच्या पायथ्याशी उतरतो, तिच्या तारांनाही इतिहास आहे. तो ज्यांच्या हातून घडला त्या रेडिओ मेकॅनिक आणि ऑटो इलेक्ट्रिशियन मंडळींनी तो कुठे लिहून ठेवला नाही. पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि प्रत्येक तालुक्याच्या स्टँडमागच्या टपरीत ही विद्या उस्तादाकडून पोऱ्याकडे गेली. कागदावर आलीच नाही.

भाषेचा शिक्षक असल्यामुळे मला इथे थोडे रेंगाळायचे आहे. या धंद्यातले मराठी शब्द पाहा. आवाज, जमीन, दुरुस्ती, कारागीर, उस्ताद हे सगळे फारसीतून आले. मिस्त्री हा पोर्तुगीज ‘मेस्त्रे’चा वंशज. वायर, अर्थिंग, कंडेन्सर इंग्रजीतून. पण बिघाडाच्या आवाजांची नावे मात्र मराठीची स्वतःची आहेत : खरखर, टकटक, घरघर, कुरकुर, गुणगुण, कुईं. इंग्रजी पुस्तकात दोन-दोन ओळी वर्णन करून जे सांगावे लागते, ते गिऱ्हाईक एका शब्दात सांगून जाते. चांगला मिस्त्री गाडी उघडण्याआधी हा शब्द काढून घेतो, कारण टकटक वेगळ्या ठिकाणाहून येते आणि कुईं वेगळ्या ठिकाणाहून. गंमत म्हणजे हे आवाज एका क्रमाने इतिहासात आले.

पहिली आली ती टकटक.

हाइनरिख हर्ट्झने 1886 ते 1888 या काळात जर्मनीत कार्ल्सरूहला विद्युत चुंबकीय लहरी सिद्ध केल्या, त्या ठिणगीच्या जोरावर. दोन गोळ्यांमध्ये ठिणगी पाडली की खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या तारेच्या कड्यात बारीक ठिणगी दिसे. जगदीशचंद्र बसूंनी 1895 मध्ये कलकत्त्यात याच लहरींनी दूरवरची घंटी वाजवून दाखवली. मार्कोनीची पहिली यंत्रेही ठिणगीचीच. म्हणजे सुरुवातीला ठिणगी हाच रेडिओ होता. पुढे व्हॉल्व्ह आले, ठिणगीची प्रेषणयंत्रे मागे पडली आणि मग त्यांच्यावर बंधने आली. कारण ठिणगी एका ठराविक लहरीवर बोलत नाही, ती सगळ्या पट्ट्यावर एकदम ओरडते.

पण तोवर पेट्रोल मोटार रस्त्यावर आली होती, आणि पेट्रोल इंजिनाच्या पोटात काय असते? ठिणगी. इग्निशन कॉइल बॅटरीच्या थोड्याशा व्होल्टचे पंधरा-वीस हजार व्होल्ट करते, डिस्ट्रिब्युटर ते पाळीपाळीने वाटतो आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. चार सिलिंडरचे चार स्ट्रोक इंजिन मिनिटाला 3000 फेरे मारत असेल तर मिनिटाला 6000, म्हणजे सेकंदाला 100 ठिणग्या. कॉइलपासून प्लगपर्यंतची तार ही आयती एरियल. जगाने ठिणगीचे प्रेषक बंद करत आणले आणि प्रत्येक मोटारवाला नकळत एक प्रेषक घेऊन फिरू लागला.

त्यामुळे 1920 च्या दशकात मोटारीत रेडिओ बसवू पाहणाऱ्यांची खरी लढाई रेडिओशी नव्हती, मोटारीशी होती. शिकागोच्या पॉल आणि जोसेफ गॅल्विन या भावांनी 1928 मध्ये छोटा कारखाना काढला आणि 1930 मध्ये मोटारीत बसणारा परवडण्याजोगा सेट तयार केला. त्याला त्यांनी नाव दिले मोटोरोला. तेच नाव पुढे मोबाइल फोनवर आपल्या खिशात आले. युरोपात ब्लाउपुंक्टने 1932 मध्ये आपला पहिला कार रेडिओ आणला. तो काही किलो वजनाचा डबा होता, डॅशबोर्डमध्ये मावणे शक्य नव्हते. हे सेट विकायचे म्हणजे सोबत टकटक बंद करायचे सामान विकावे लागे. डिस्ट्रिब्युटरच्या मधल्या तारेत दहा हजार ओहमच्या आसपासचा रेझिस्टर, कॉइलच्या बॅटरीकडच्या टोकाला एक कंडेन्सर, डायनामोला दुसरा, बॉनेट आणि बॉडी जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी. ही सगळी जोडाजोडी करायला रेडिओ बसवण्याइतकाच वेळ जाई. प्रश्न एवढा मोठा होता की 1934 मध्ये पॅरिसमध्ये रेडिओतील अडथळ्यांचा विचार करणारी एक आंतरराष्ट्रीय समितीच स्थापन झाली. सिस्प्र या नावाने ती आजही काम करते आणि गाडीने किती ‘ओरडावे’ याच्या मर्यादा ठरवते.

मग युद्ध आले. दुसऱ्या महायुद्धात जीपमध्ये वायरलेस सेट बसवले गेले, आणि तिथे टकटक म्हणजे नुसता रसभंग नव्हता. न ऐकू आलेला एक शब्द म्हणजे माणसे मेली. अमेरिकी लष्कराने गाड्यांची विद्युत यंत्रणा कारखान्यातच शांत करून घेतली. अशा गाडीच्या नोंदणी क्रमांकापुढे ‘एस’ हे अक्षर रंगवलेले असे. जुन्या छायाचित्रांत बॉनेटवर ते आजही दिसते. इंजिनाचा आवाज दाबलेला आहे, एवढाच त्या अक्षराचा अर्थ.

जीपचा विषय निघालाच आहे तर एक आडवाट घेतो. आपल्याकडे जीप आणणारी कंपनी 1945 मध्ये सुरू झाली तेव्हा तिचे नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होते. महिंद्रा बंधूंचे भागीदार मलिक गुलाम मुहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथे आधी अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर जनरल झाले. इकडे 1948 मध्ये नाव बदलून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. इंग्रजीत आद्याक्षरे तीच राहिली, त्यामुळे छापलेले कागद फार वाया गेले नसावेत असे लोक थट्टेने म्हणतात. पासलीच्या रस्त्यावर धावणाऱ्या कितीतरी गाड्यांच्या कपाळावर ती दोन अक्षरे होती, आणि त्यांतल्या दुसऱ्या अक्षराची ही गोष्ट आत बसलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षे आपल्याकडे मोटारीत रेडिओ ही श्रीमंतांची चैन होती. रेडिओ ठेवायला टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे आणि दरवर्षी पैसे भरावे लागत. ऐकायचे काय, हाही प्रश्न होता. माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांनी 1952 मध्ये आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. त्याच वर्षाच्या अखेरीस रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. सिलोनचे ते प्रेषणकेंद्र युद्धात आग्नेय आशियातल्या सैनिकांसाठी उभारलेल्या व्यवस्थेचा वारसा होते. म्हणजे एकाच युद्धाने आपल्याला जीपही दिली आणि गाणीही.

गीतमालेचे अमीन सायानी 1932 मध्ये मुंबईत जन्मले. त्यांच्या आई कुलसुम सायानी ‘रहबर’ नावाचे नियतकालिक काढत. भाषा एकच, सोपी हिंदुस्तानी. लिपी मात्र तीन : नागरी, उर्दू आणि गुजराती. अमीनभाई लहानपणी त्या कामात हात लावत. पुढे त्यांच्या तोंडी जी भाषा आली, जी नागपूरलाही कळे आणि लाहोरलाही, तिची तालीम त्या छापखान्यात झाली असे मला नेहमी वाटते. वर्गात एकाच फळ्यावर उर्दू आणि मराठी लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला ‘रहबर’चा हेवा वाटतो. ते 2024 च्या फेब्रुवारीत गेले.

पण सिलोन लागे शॉर्टवेव्हवर, आणि तेही समुद्रापलीकडून, लाटांसारखे येत-जात. ठिणगीचा गोंगाट शॉर्टवेव्हवर विशेष जाणवतो. त्यात एएम रेडिओची घडण अशी की लहरीची उंची कमी-जास्त झाली म्हणजे त्याला आवाज समजतो. ठिणगी नेमकी तीच उंची क्षणभर वाढवते, म्हणून प्रत्येक ठिणगी ही एक टक. शिवाय लांबच्या केंद्राचा आवाज मंदावला की रेडिओ आपली शक्ती आपोआप वाढवतो आणि टकटकही त्यासोबत वाढते. म्हणून अशा गाडीत गीतमाला ऐकायची तर झाडाखाली गाडी उभी करून इंजिन बंद करणे हा सगळ्यात स्वस्त उपाय. पासलीच्या वळणावर आज जे घडते त्याचेही कारण तेच. गाणे दूर गेले की सेट कान टवकारतो आणि मग जवळचे भांडण ऐकू येते.

पुणे आकाशवाणी 2 ऑक्टोबर 1953 ला सुरू झाली आणि विविध भारती 3 ऑक्टोबर 1957 ला. जवळचे, जोमदार मध्यम लहरींचे केंद्र आले तशी टकटक काहीशी मागे पडली. मग दुसरा आवाज ऐकू येऊ लागला, तो डायनामोचा.

जुन्या फियाट, ॲम्बॅसडर आणि जीपमध्ये बॅटरी चार्ज करायला डायनामो असे. त्याच्या फिरत्या कॉम्युटेटरवर कार्बनचे ब्रश घासत. ब्रश झिजले, तांबे काळे पडले की तिथे बारीक ठिणग्या उडत आणि स्पीकरमध्ये कुरकुर सुरू होई. त्याच्या जोडीला ‘कटआउट’चे पॉइंट उघडझाप करत, त्याची वेगळी खरखर. यावर उस्ताद मंडळींचे औषध ठरलेले : डायनामोच्या मोठ्या टोकाला, म्हणजे आउटपुटला, कंडेन्सर. शेजारच्या फील्डच्या टोकाला तो चुकूनही लावायचा नाही, नाहीतर कटआउटचे पॉइंट जळतात. हा नियम पुस्तकात आहे, पण आपल्याकडचे बहुतेक कारागीर तो पुस्तकातून शिकले नाहीत. एकदा जळलेल्या कटआउटमधून शिकले.

1947 मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत लागलेल्या ट्रान्झिस्टरच्या शोधाने दोन गोष्टी झाल्या. पहिली सगळ्यांना माहीत आहे : रेडिओ लहान झाला. मोटारीतले व्हॉल्व्हचे सेट बॅटरीच्या सहा किंवा बारा व्होल्टवर चालू शकत नसत. त्यासाठी व्हायब्रेटर नावाची एक गुणगुणणारी डबी लागे, ती गेली. 1955 मध्ये क्रायस्लरने पूर्ण ट्रान्झिस्टरचा कार रेडिओ दिला. दुसरी गोष्ट कमी माहितीची आहे. पुढे सिलिकॉनपासून चांगले डायोड बनू लागले आणि डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला. 1960 पासून तो अमेरिकी गाड्यांत सर्रास बसू लागला, आपल्याकडे बराच नंतर. ब्रशच्या ठिणग्या जवळपास गेल्या. कुरकुर गेली. तिच्या जागी शिट्टी आली.

ही शिट्टी कुठून येते हे आकड्यांत मांडले की फार स्पष्ट होते. सर्वसाधारण अल्टरनेटरच्या रोटरला 12 ध्रुव असतात, म्हणजे एका फेऱ्यात विजेची 6 आवर्तने. इंजिन 800 फेऱ्यांवर उभे आहे आणि पट्ट्यामुळे अल्टरनेटर त्याच्या अडीचपट, म्हणजे 2000 फेऱ्यांनी फिरतो असे धरा. मिनिटाला 12,000 आवर्तने म्हणजे सेकंदाला 200. ही वीज तीन फेजची असते आणि सहा डायोड तिला एका दिशेची करतात. पण ती वीज ताकासारखी सपाट होत नाही. प्रत्येक आवर्तनात तिच्यावर सहा उंचवटे उरतात. सेकंदाला 1200 उंचवटे, म्हणजे 1200 हर्ट्झचा सूर. इंजिन 2000 फेऱ्यांवर नेले की तोच सूर 3000 हर्ट्झ होतो. माणसाचा कान याच पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो. तान्ह्या बाळाचे रडणेही इथेच टोचते. म्हणून शिट्टी मोजमापात क्षुल्लक असूनही डोके उठवते.

डिझेल जीपमध्ये तर एक जुना कलह मिटलेलाच असतो. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नाही, दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटते. म्हणजे टकटक नाही. वेल्हे, पासली, केळदच्या बाजूला माणसे आणि पोती एकत्र नेणाऱ्या कमांडर, ट्रॅक्स आणि नंतर बोलेरो या डिझेल गाड्या. ट्रॅक्स तर इथलीच, आकुर्डीची. या गाड्यांत टेप बसला आणि गाडीचे गाणे मालकाच्या हौशीपुरते न राहता पंधरा प्रवाशांचे झाले. फिलिप्सने 1963 मध्ये आणलेली कॅसेट आपल्याकडे 1980 च्या दशकात अशी पसरली की गाडीत टेप नसणे हे गिऱ्हाईक तुटण्याचे कारण झाले. परदेशी डेक मुंबईच्या मनीष मार्केटमधून, मुसाफिरखान्यातून येत. आडमार्गाने आलेल्या मालाबरोबर माहितीपत्रक कुठून येणार? तारांचे रंग पाहून अंदाज करायचा. पिवळी कायम बॅटरीला, लाल चावीला, काळी बॉडीला. एवढ्या तीन ओळींच्या ज्ञानावर महाराष्ट्रातल्या हजारो गाड्या गायल्या.

आणि त्या तीन ओळींतली शेवटची, ‘काळी बॉडीला’, हीच सगळ्या शिट्टीची जननी.

ती कशी, हे मी माझ्या मामूंकडून शिकलो. ते आयुष्यभर ऑटो इलेक्ट्रिशियन होते. त्यांचे एक वाक्य होते : ‘‘पहले जमीन देखो, आसमान बाद में.’’ जमीन म्हणजे अर्थिंग, आसमान म्हणजे एरियल. काही वर्षांपूर्वी माझा एक माजी विद्यार्थी आपली जुनी डिझेल गाडी घेऊन आला. वेल्हे-पासली रस्त्यावर ती भाड्याने चालवतो. सेट जुना होता, ॲम्प्लिफायर त्याने स्वतः मागच्या सीटखाली बसवला होता आणि कुईं इतकी होती की प्रवासी ‘‘बंद कर बाबा ते’’ म्हणत. ‘‘सर, फिल्टर टाकू का?’’ असे तो विचारत होता. बाजारात शिट्टी घालवणारे फिल्टर मिळतात आणि घाईतला माणूस आधी तेच घेतो. मी त्याला मामूंकडे नेले.

मामूंनी पहिल्यांदा काय केले तर काहीच उघडले नाही. इंजिन चालू करून आवाजाचे बटण शून्यावर आणले. शिट्टी तेवढीच राहिली. याचा अर्थ ती बटणाच्या पुढे, म्हणजे सेट आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये किंवा ॲम्प्लिफायरमध्येच शिरते. बटणाबरोबर ती कमी झाली असती तर दोष सेटच्या अलीकडे, पेनड्राइव्ह, मोबाइल किंवा एरियलच्या बाजूला शोधावा लागला असता. मग गाडी बंद करून त्यांनी ॲम्प्लिफायरला येणाऱ्या सिग्नलच्या दोन्ही पिना काढल्या, आतली टोके बाहेरच्या कड्याला तारेने जोडून तशाच परत खोचल्या आणि पुन्हा स्टार्टर मारायला सांगितला. पूर्ण शांतता. म्हणजे ॲम्प्लिफायर निर्दोष, त्याचा वीजपुरवठाही ठीक. राहिली सेटपासून मागे येणारी ती सिग्नलची तार आणि दोन्ही टोकांची जमीन.

आता गंमत पाहा. गाडीची लोखंडी बॉडी ही सगळ्यांची सामायिक परतीची वाट. दिवे, हॉर्न, पंखा, सगळ्यांची वीज त्याच पत्र्यातून बॅटरीकडे परतते. पत्रा चांगला वाहक असला तरी त्याला थोडा विरोध असतोच, आणि गंज, रंग, सैल बोल्ट यांनी तो वाढतो. समजा दोन बोल्टांच्या मध्ये ओहमचा दोनशेवा भाग इतकाच विरोध आहे आणि त्यातून 20 अँपिअर वाहतात. तरी दोन्ही ठिकाणांत व्होल्टचा दहावा भाग फरक पडला. ॲम्प्लिफायरला सिग्नल म्हणून जो व्होल्टेज लागतो तो कित्येकदा व्होल्टच्या पाचव्या भागापासून सुरू होतो. म्हणजे गाण्याच्या निम्म्या उंचीचा फरक दोन ‘जमिनीं’मध्ये! सेटची काळी तार पुढे डॅशबोर्डला, ॲम्प्लिफायरची मागे सीटच्या बोल्टला, आणि सिग्नलच्या तारेची बाहेरची जाळी या दोघांना जोडते. ती जाळी मग वीज परतण्याची तिसरी वाट होते, आणि अल्टरनेटरचे ते 1200 उंचवटे गाण्याच्या वाटेने निघतात. इंजिनिअर याला ग्राउंड लूप म्हणतात.

सीटचा बोल्ट काढला. त्याखाली कारखान्याचा रंग शाबूत होता आणि रंगाखाली पावसाळ्यांचा गंज. या बाजूचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचे नवल वाटणार नाही. इथे पत्रा कोरडा राहतो तो फक्त उन्हाळ्यात. मामूंनी पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, टोकाला डाग देऊन लग बसवला, दातेरी वायसर टाकला, वरून ग्रीस लावले. तार जाड आणि हातभर लांबीचीच ठेवली. एवढ्याने शिट्टी पाऊण गेली. उरलेली पाव गेली ती बॅटरीचे निगेटिव्ह टोक, इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी पट्टी घासून पुसून घट्ट केल्यावर. पुढे सेटचीही जमीन तपासली आणि बॅटरीची जाड तार डाव्या बाजूने, सिग्नलची उजव्या बाजूने फिरवली. त्याने दोघी एकत्र बांधून आणल्या होत्या. फिल्टर लागलाच नाही.

निघताना मामूंनी बॅटरीपासून निघालेली ती जाड तार हातात धरून विचारले, ‘‘फ्यूज कुठे आहे?’’ फ्यूज होता, पण मागे, ॲम्प्लिफायरजवळ. ‘‘तार मध्येच दरवाज्यात कापली गेली तर? फ्यूजला कळणार पण नाही.’’ त्यांनी बॅटरीपासून वीतभर अंतरावर नवा फ्यूज बसवला आणि पत्र्याच्या भोकातून जाणाऱ्या तारेला रबराचे ग्रोमेट घातले. शिट्टीसाठी आलेल्या गाडीत त्या दिवशी खरे काम हे झाले, असे माझे मत आहे. शिट्टीने कोणी मरत नाही. बारा व्होल्टची बॅटरी उघड्या पत्र्यावर शॉर्ट झाली तर शेकड्याने अँपिअर वाहतात, तार लाल होते, आणि मागे पंधरा माणसे बसलेली असतात.

अलीकडच्या गाड्यांत या सगळ्याचे रूप पुन्हा बदलले आहे. सिगारेट लायटरच्या भोकात खोचलेला मोबाइलचा चार्जर हा नवा गुन्हेगार. त्याच्या आत वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होते. मोबाइल चार्जिंगला आणि त्याच वेळी ऑक्सच्या तारेने सेटला जोडला की पुन्हा तीच दुहेरी जमीन, पुन्हा कुईं. चार्जर काढून पाहावा. आवाज गेला तर उत्तर मिळाले. ब्लूटूथवर तारच नाही, त्यामुळे लूपही नाही. काही चार्जर, डॅशकॅम आणि स्वस्त एलईडी दिवे तारेतून नव्हे, हवेतून त्रास देतात. ते लावताच रेडिओचे केंद्र खरखरीत बुडते, पेनड्राइव्ह मात्र स्वच्छ वाजतो. म्हणजे शंभर वर्षांनी आपण पुन्हा ठिणगीच्या जुन्या गोष्टीपाशी आलो. आणि जर अल्टरनेटरचा एखादा डायोड खरोखरच गेला असेल तर शिट्टीची घरघर होते, दिवेही किंचित थरथरतात. तिथे ऑडिओवाल्याचे काम नाही, अल्टरनेटर खोलावाच लागतो.

विजेच्या मोटारींत तर प्लगही नाही आणि अल्टरनेटरही नाही. पण मोटरला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरचा गोंगाट मध्यम लहरींवर इतका असतो की काही परदेशी कंपन्यांनी विजेच्या गाड्यांतून एएम रेडिओच काढून टाकला. अमेरिकेत त्यावर ओरड झाली, कारण वादळ, पूर, आग यांच्या सूचना तिथे एएमवर दूरवर पोहोचतात. 2023 मध्ये फोर्डने एएम काढण्याचा निर्णय मागे घेतला आणि गाडीत एएम असावाच असा कायदा करण्याचे विधेयक तिथल्या संसदेत मांडले गेले.

डोंगरी भागाला हा वाद परका नाही. एफएमची लहर सरळ रेषेत जाते आणि डोंगराला अडते. मध्यम लहर जमिनीला धरून डोंगराच्या वळशाने पुष्कळदा पोहोचते. घाटात दरड कोसळण्याच्या दिवसांत, मोबाइलची रेंज गेल्यावर, पुणे केंद्राचे 792 किलोहर्ट्झ गाडीत लागणे म्हणजे काय, हे या रस्त्यावर रोज चालवणाऱ्याला सांगायला नको. माझा विद्यार्थी आता पावसाळ्यात केळदकडे निघताना आधी लायटरमधला चार्जर उपसून ठेवतो, मग 792 लावतो. प्रवाशांचा मोबाइल चार्ज करण्यावरून रोज कोणाशी तरी त्याची वादावादी होते. बातम्या संपेपर्यंत तो ऐकत नाही, संपल्या की चार्जर परत खोचतो आणि पेनड्राइव्हवरची गाणी सुरू करतो.